पडलेल्याला उठू द्यायचं नाही

नारीनच्या बसस्टँडमागचा गेमक्लब तुम्हांला ठाऊक आहे, पोरांनो. हल्ली कुलूप असतं. शेगडीत दोन कोळसे टाक रे, आणि मध्ये बोलू नका. हे माझ्या साडूच्या मुलावर, बेकतुरवर गुदरलेलं आहे.

गेल्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी आईनं बेकतुरला पिठाची पिशवी देऊन समातच्या घरी धाडलं. समात महिन्याभरापूर्वी नदीत गेला होता.

मारामारीच्या गेममध्ये बेकतुरचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहान पोरांना शिकवायचा, "उगाच उड्या मारू नका. आधी हलके ठोसे द्या, मग कोपऱ्यात रेटा. पडला की तो उठतानाच हाणा. उठू द्यायचं नाही." एका संध्याकाळी क्लबात हेच त्यानं सगळ्यांदेखत समातच्या गड्यावर करून दाखवलं. समातचा एक हात अधू. "बस रे, पुरे," तो म्हणत राहिला आणि पोरं फिदीफिदी हसत राहिली. त्याच रात्री तो गोठलेल्या नदीवरून एकटाच घरी निघाला आणि बर्फ फुटला. कडा धरून वर यायला धडपडला असणार. नखं तुटली होती.

तर त्या गुरुवारी समातच्या आईनं गेलेल्याच्या नावानं बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते. तळणाचा वास सुटला की गेलेलं माणूस त्या वासावर येतं, हे मी तुम्हांला काय सांगायचं!

"एक त्याच्या नावानं खा बाळा. दुआ कर, मग जा."

"भूक नाही, मावशी. वाटेत खातो."

बोर्सोक खिशात, दुआ नाहीच. मेलेल्याचा वाटा असा उंबऱ्याबाहेर नेतात का?

दुसऱ्या दिवशी बिश्केकला स्पर्धा होती. म्हणून तिथून तो थेट क्लबवर गेला; एक किल्ली त्याच्याकडेही असायची. शेगडी पेटवून तो सरावाला बसला. तोच पडद्यावर दुसरा गडी उभा राहिला. दुसरा कंट्रोलर तर बाजूला पडलेला, वायर सुटलेली.

हलके ठोसे आले. मग कोपरा. बेकतुरचा गडी पडला. उठायला गेला... लाथ. पुन्हा उठायला गेला... पुन्हा.

"कोण आहे?"

खिशातला बोर्सोक गार होता. वास मात्र वाढत होता.

तो पळायला उठला. पाय गेले. हात टेकले. अर्धा उठला. पडला. परत अर्धा...

"बस रे... पुरे..."

कुणीच हसलं नाही.

सकाळी क्लबवाल्याला तो कोपऱ्यात सापडला, नखं तुटलेली. डॉक्टर म्हणतात, एकही हाड मोडलेलं नाही. पण विशीतला पोरगा अंथरुणाला खिळलाय, आई भरवते. परवा उठवायला मी हात पुढे केला.

"नको काका," तो म्हणाला. "उठलो की तो मारतो."

आणि तो सुटा कंट्रोलर... शेगडी सकाळपर्यंत धगधगत होती, तरी तो बर्फात थिजलेला. बर्फावर बोटं उमटली होती.

एकाच हाताची.