सोडलेलं ताट

अमरसिंह आवळे आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा उपासना सुरू झाली होती. वाट चुकल्यासारखा तो सरळ गायनमंडळाच्या बाकावर येऊन बसला. माझ्या बरोब्बर मागे. ओले बूट, हातात हेल्मेट, आणि — देवा रे! — तो आवाज. पहिल्याच गीताला मी इतकी दचकले की पेटीवरचं गीतांचं पुस्तक खाली पडलं. आवाज वाईट नव्हता हो, तोच तर वैताग. चांगला भरदार, मोकळा आवाज. पण आम्ही सगळे एका ओळीच्या मध्यावर, आणि हा गडी पुढच्या ओळीच्या दारात उभा!

उपासना सुटल्यावर मी त्याला पायरीवर गाठलं.

"तुम्ही फार पळता."

"कुठं? हितंच हुबा हाय की."

"गाण्यात! पेटी ऐकू येत नाही का?"

"येती की. पर आमच्याकडं, हातकणंगल्याला, प्रार्थनेला ढोलकी असती. ढोलकी कुणासाठी थांबत न्हाय. तुमची पेटी लई इचार करती बघा."

माझी पेटी विचार करते! आठवडाभर शाळेत गणित शिकवून, शनिवारी घसा फोडून हे गायनमंडळ मी उभं केलं होतं. आणि हा काल आलेला माणूस हसत हसत गाडीला किक मारून निघूनही गेला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे मला बघायचं नव्हतं. दिसलं, त्याला काय करणार?

तो कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, कळंब्याला खोली घेऊन राहायचा. दर रविवारी यायचा आणि दर रविवारी पळायचा. चर्चचा कारभार बघणारे आमचे एल्डर बाळासोकाका मात्र खूश. पुढच्या महिन्यात संजीवन सभा होत्या, मंडळीत नवा जीव यावा म्हणून, आणि बाकांवर सगळी पांढरी डोकी. "पोरी, किती वर्षांनी एक तरणा पोरगा आपणहून आलाय," ते म्हणायचे. "जरा सांभाळून घे."

मी नाही घेतलं. सभेच्या सरावाला तो पुन्हा पुढे गेला आणि माझा पारा चढला. "हे बघा, सभेत तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका!"

त्याचे कान लाल झाले. "बरं," एवढंच म्हणाला. त्याचं नेहमीचं ना 'हाय', ना 'की'. 

दुसऱ्या दिवशी रविवारच्या उपासनेत तो शेवटच्या बाकावर बसला आणि खरंच नुसते ओठ हलवले. गाणं अगदी तालात झालं. आणि इतकं अळणी झालं, की पेटीचं झाकण आपटावंसं वाटलं मला.

नेमकं त्याच रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून महिन्यातून एकदा होणारं. आमच्याकडे भाकरीचं ताट बाकावरून हातोहात फिरतं, आणि मनात कुणाशी बिनसलेलं असेल तर आधी ते मिटवायचं, मगच घ्यायचं, हे लहानपणापासून शिकवलेलं. शेजारच्या विमलामावशींनी ताट माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला आणि... मागे घेतला. ताट तसंच पुढे सरकवलं.

"अगं, घे की!" मावशी कुजबुजल्या. मी मान हलवली. पुढच्या-मागच्या बाकांवरून माना वळल्या. थोड्या वेळाने ताट शेवटच्या बाकावर पोचलं, आणि अमरसिंहनेही ते न घेता पुढे दिलं. आता सगळं चर्च मागे वळलं.

झालं! दुपारी विमलामावशी घरात हजर. "क्रांती, खरं सांग. काय केलंत तुम्ही दोघांनी?"

"भांडलो, मावशी!"

"भांडणापायी दोघं मिळून ताट सोडतं का कुणी?"

संध्याकाळपर्यंत आम्हाला कळंबा तलावावर हातात हात घालून फिरताना कुणीतरी पाहिलंही होतं. मी त्या तलावावर शाळेच्या सहलीनंतर गेलेली नाही हो! शेवटी बाळासोकाकांचा फोन. "पुढच्या प्रभुभोजनाच्या आत मिटवा बाबांनो. आणि तो पोरगा परत आलाच नाही, तर संजीवन कुणाचं करायचं? माझं?"

आणि तो खरंच येईना. एक रविवार गेला, दुसरा गेला. मला मावशींचा राग, त्याचा राग, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. कारण प्रत्येक कडव्याला माझी नजर शेवटच्या बाकाकडे जायची. आपणच हाकललं त्याला, आता तो कधीच यायचा नाही, असं वाटायचं.

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर कागल गाठलं. त्याच्या कंपनीच्या गेटबाहेर रेनकोट घालून उभी राहिले. भुरभुर पाऊस, डिझेलचा वास, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बघून जातोय. शिफ्ट सुटली. मला बघून तो जागीच थांबला.

"तुम्ही... हितं?"

"माफी मागायला आलेय. आणि तुम्हाला झापायलाही."

"आधी काय?"

"माफी. त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला तसं बोलायला नको होतं. मनापासून सांगते, चुकलं माझं."

"मिटलं की मग."

"असं कसं मिटलं? माझ्यावरच्या रागाने तुम्ही ताट सोडलंत!"

"राग? तुमचा?" तो हेल्मेटवरचं पाणी उगाचच पुसत राहिला. "न्हाय ओ..."

"मग सोडलंत कशाला?"

"तुम्ही सोडलं म्हणून. सगळी तुमच्याकडंच बघाय लागली. तुम्ही एकट्याच मान खाली घालून बसलेल्या... मला बघवंना. म्हटलं, मी बी सोडतो, निम्मी तर माझ्याकडं बघतील."

मला सुचलं ते भलतंच. "अहो, प्रभुभोजन म्हणजे काय मिसळ आहे का, सोबत म्हणून सोडायला? देवाला काय सांगाल?"

"त्याला कवाच कळलंय. तुम्हालाच कळंना."

डोळे भरून आले. गेटवर, वॉचमनसमोर! "मग यायचं का बंद केलंत?"

"आलो तर गाणार. तुम्ही म्होरं बसल्यावर तोंड मिटून ऱ्हायला जमत न्हाय मला."

"मला तुमचा भयंकर राग येतो," मी म्हणाले. "आणि तुम्ही आला नाहीत की त्याहून जास्त येतो."

"याला आमच्याकडं प्रेम म्हणत्यात."

"आमच्याकडेही तेच म्हणतात!" मी खेकसले. आणि ती खळी — अगदी समोर.

प्रभुभोजनाच्या रविवारी तो आला. ओले बूट, हातात हेल्मेट, थेट माझ्यामागच्या बाकावर. ताट आलं, मी घेतलं, त्यानेही घेतलं. विमलामावशींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की पुढे प्रार्थना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी वर पाहिलं.

मग शेवटचं गीत. पहिली ओळ त्याने सांभाळली, दुसरीला सुटला. पुन्हा माना वळल्या, कुणीतरी चक् केलं. आणि मागे त्याचा आवाज बारीक व्हायला लागला... आणखी बारीक. तो तोंड मिटणार, हे मला न बघताच कळलं.

मी भाता जोरात ओढला आणि अर्धी ओळ टाकून त्याच्यापाशी पोचले. गायनमंडळ अडखळलं, मग धावलं. त्यांच्यामागे अख्खी मंडळी, धापा टाकत, हसत. शेवटच्या बाकावर बाळासोकाका टाळ्या वाजवायला लागले.

"क्रांती!" विमलामावशींनी माझं कोपर धरलं. "अगं, ताल सुटला की सगळा!"

"सुटू दे, मावशी," मी म्हणाले. "एकटा पडला असता तो."