हिरव्या राक्षसाचे कान

"खरं सांगा, हा प्रेमात पडलाय की तापाने फणफणलाय?"

चहाच्या मशीनपाशी एक अनोळखी माणूस उभा होता. त्याच्या नाकासमोर मी राक्षसाच्या चित्राचा कागद धरला. मला ओळखपाळख करत बसायची सवय नाही, समोर दिसेल त्याला मी कामाला लावते.

त्याने कप ठेवून नीट पाहिलं. "कावीळ वाटतेय," तो म्हणाला. "बरीच वाढलेली."

"तेच तर. हिरव्या गालावर लाल चढवला की चिखल होतो. ज्या दीडशहाण्याने हा काढलाय त्याला एवढं कळू नये? लाजवायचाच होता तर पांढरा काढायचा."

"पांढरा म्हणजे भूत झालं," तो हळूच म्हणाला. "भुताची गोष्ट दुसऱ्याकडे आहे... मला राक्षस आलाय."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. दीडशहाणा समोर उभा होता, खांद्याला प्रवासाची बॅग लावून.

आमचा कॉमिक्सचा सुट्टी विशेषांक असा असतो: प्रत्येक गोष्टीत कोणीतरी भयानक प्राणी सुट्टीवर जातो आणि प्रेमात पडतो. रंग माझ्याकडे. संपादक माझी आत्या, म्हणजे घरी आत्या, ऑफिसात मॅडम. सकाळीच तिने बजावलं होतं, "हा राक्षस प्रेमात पडलाय हे वाचकाला कळलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर ही गोष्ट काढायची आणि तिथे शब्दकोडं टाकायचं." आणि चित्रकाराची ही पहिलीच गोष्ट होती. निरोप मिळाला तसा मिळेल ती बस पकडून आला होता बिचारा.

"आईने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय," तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढत म्हणाला. "शब्दकोडं आलं तर मला घर बदलावं लागेल."

आम्ही कच्च्या प्रतींवर जांभळा लावून पाहिला. राक्षस मार खाल्ल्यासारखा दिसला. नारिंगी लावला तर आंबा वाटायला लागला.

"मुळात राक्षस लाजतो कसा?" मी वैतागून विचारलं.

"माणसासारखाच."

"मग लाजून दाखवा."

"असं सांगून कोणी लाजतं का?"

मी ब्रश कानामागे खोचला, हनुवटी हातावर टेकवली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत बसले. कामासाठी हं, अगदी कामासाठी. त्याने पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. चेहरा होता तसाच सावळा, शांत. पण खिडकीतलं ऊन त्याच्या मागून येत होतं आणि कानांच्या पाळ्या... लालबुंद झाल्या होत्या.

"हलू नका," मी म्हटलं.

चित्रात राक्षसाच्या मागे समुद्रावरचा सूर्य मावळत होताच. मी गाल हिरवेच ठेवले. फक्त ते दोन मोठे कान हिरव्यातून कोरे सोडून त्यात लाल भरला, उजेड आरपार आल्यासारखा, आणि ब्रश परत कानामागे खोचला. राक्षस असा काही लाजला की मलाच हसू आवरेना.

चित्रकाराने नकळत स्वतःचा कान चाचपला. मग म्हणाला, "शेवटचं पान अजून रंगवलं नाहीत ना? जरा द्या."

शेवटच्या पानावर राक्षस जिच्या प्रेमात पडतो ती समुद्रावरची मुलगी त्याला आपल्या आइस्क्रीममधलं अर्धं देते. तिचे केस दोन्ही बाजूंनी मोकळे होते. त्याने पांढऱ्या रंगाने एका बाजूची बट झाकली, तिथे एक कान काढला. वर खोचलेला ब्रशही.

"हे कशाला?"

"असंच..." तो पानाकडेच बघत होता. "त्याचं काय ते कळलं. तिचं मला माहीत नाही. तो कान रंगवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही रंगवलात तरी गोष्ट पूर्ण होते. सुट्टी संपते, राक्षस घरी जातो..."

तो बॅगेची चेन उगाच उघड-बंद करत राहिला. मला भीती वाटली, खरंच वाटली, की हा आता उठेल आणि बस गाठायला निघेल. मी ब्रश शोधू लागले. तो माझ्या कानामागेच होता.

संध्याकाळी आत्या चष्मा चढवून आली. एकेक पान उलटलं. "हं, आता कळतंय. गडी पुरता गेलाय कामातून. शब्दकोडं रद्द." तो दाराशी उभा होता, त्याने कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला.

आत्या शेवटच्या पानावर थांबली. "आणि ही? ही पोरगी कधीपासून लाजायला लागली? आधी तर लाजत नव्हती."

"आज दुपारपासून, मॅडम," मी म्हटलं.

आत्याने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे. मी पटकन केस पुढे ओढायला हात नेला. मग म्हटलं, राहू दे. बघू दे त्याला.