सहा रविवारचं काम

माझ्या मागं एक मुलगा लागला होता, आणि मी ऐंशीच्या स्पीडनं पळत होते!

हर्सूल नुकतंच मागं पडलं होतं. सकाळचे पावणेसात, फेब्रुवारीतली थंडी, आणि आरशात तो... काळी मोटरसायकल, हेल्मेटची काच वर, हात हलवून काहीतरी ओरडणारा.

"सुलेखा, हा तर चांगलाच चिकटलाय गं," शेजारी बसलेली प्रेरणा म्हणाली. प्रेरणा अजिंठ्याच्या शाळेत शिकवते, मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पुंडलिकनगर ते अजिंठा आणि परत, असं आमचं रोजचं दोनशे किलोमीटरचं अपडाऊन. माझ्या पप्पांच्या पंधरा वर्षं जुन्या, दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर पळालेल्या एसयूव्हीतून.

"चिकटू दे. याला आता इंजेक्शनच देते," म्हणत मी कचकन ब्रेक मारला आणि काच खाली केली. "ए! लाज नाही वाटत का रे, बायकांच्या गाडीमागं लागायला?"

त्यानं हेल्मेट काढलं. विस्कटलेले केस, गालावर ग्रीसचा एक पट्टा, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर सांगते.

"मला वाटती हो मॅडम लाज. तुमच्या गाडीला नाय वाटत," तो म्हणाला. "मागचा शॉकअप फुटलाय. तेल गळतंय. दोन किलोमीटरपासून बोंबलतोय मी!"

उतरून बघितलं तर मागच्या डाव्या चाकाशी खरंच तेलाचा ओघळ.

"माझं गॅरेज इथंच आहे, मागं. संघपाल नाव माझं," तो म्हणाला आणि जरा थांबून, "आणि असा ब्रेक नका मारू. गाडी डावीकडं ओढती तुमची."

"माझी गाडी कुठं ओढते ते मला माहितीय!"

"माहितीय... मग दुरुस्त का नाय केली?"

प्रेरणा फिस्सकन हसली. मेली कुणाच्या बाजूनं होती कोण जाणे.

मला राग का आला सांगू? कारण तो खरं बोलत होता, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मार्चअखेर गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. आरटीओकडून पुन्हा पासिंग करून घ्यायचं होतं. पुण्यातला माझा भाऊ अतुल रोज फोनवर एकच पाढा म्हणायचा, "पप्पा, भंगार झालंय ते. विकून टाका." पप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नव्हते. शेवटी ते मला म्हणाले, "सुले, पासिंग झालं तर गाडी तुझी. नाय झालं तर अतुल म्हणतो तसं."

गाडी गेली म्हणजे मला अजिंठ्यात खोली करून राहावं लागणार. माझ्या ड्यूटीच्या वेळा आणि एसटीच्या वेळा यांचं कधी जमलंच नाही. आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पप्पांना रात्रीची गोळी कोण देणार? भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुणाशी भांडणार ते? छे! गाडी वाचलीच पाहिजे होती.

त्या रविवारी मी संघपालच्या गॅरेजला गेले. जाताना यादी घेऊन गेले, पन्नास हजारांचं बजेट घेऊन गेले आणि — खोटं कशाला बोलू — नवा ड्रेसही घालून गेले.

त्यानं यादी मोठ्यानं वाचली. "अलॉय व्हील. मोठा स्क्रीन. पुढं एलईडीचा बार. मागं कॅमेरा." मग माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमच्या दवाखान्यात बीपी वाढलेला पेशंट आला, तर आधी त्याचं फेशियल करता का?"

"पप्पांना गाडी नवी वाटली पाहिजे."

"दिसून नवी नाय वाटत गाडी. बसून वाटती." त्यानं माझ्याच पेननं माझी अख्खी यादी खोडली. खोडताना जीभ जराशी बाहेर... अगदी चौथीतल्या पोरासारखी. "आधी थांबली पाहिजे. म्हणजे ब्रेक. मग सरळ चालली पाहिजे. शॉकअप, चाकांचे रबरी बुश, पुढचे दोन टायर. मागचे अजून वर्षभर जातात, त्यांना हात नाय लावायचा. मग तापली नाय पाहिजे, पाण्याचे पाइप सगळे बदलायचे. मग हेडलाइट. आणि पैसे उरले तर शिटा."

"आणि स्क्रीन?"

"रस्ता बघा की. लई भारी पिक्चर आहे तो."

मी हसले नाही. म्हणजे, त्याच्यासमोर हसले नाही.

"गाडी रोज लागती ना तुम्हाला?" त्यानं विचारलं. "मग एकदम नको उघडायला. दर रविवारी थोडं थोडं करू. अपडाऊन बंद नाय पडणार. सहा रविवार धरा."

किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. तेवढ्यात गाडीखालून त्याच्याकडचे जुने मिस्त्री, कचरूमामा, बाहेर आले आणि म्हणाले, "सिस्टर, चहा घ्या." संघपालला एकदम ठसका लागला.

"तुम्ही नाही म्हणत मला सिस्टर?" मी विचारलं. "अख्खा तालुका म्हणतो."

"तालुक्याचं तालुक्यापाशी," तो पाना पुसत म्हणाला. "मी मॅडमच म्हणतो." आणि त्याचे कान लालबुंद झाले.

मग काय! रविवार यायला लागले. एरवी सुट्टीला नऊपर्यंत लोळणारी मी सातला आंघोळ करून तयार. पप्पा पेपरच्या वरून बघायचे, पण बोलायचे नाहीत. पहिल्या रविवारी ब्रेक झाले. दुसऱ्या रविवारी मागचे शॉकअप. तो गाडीखाली आणि मी बाहेर स्टुलावर, हातात टॉर्च. नुसते त्याचे पाय दिसायचे आणि आवाज यायचा.

"तेरा नंबरचा पाना द्या."

"हा घ्या."

"हा चौदा आहे."

"तुम्हाला न बघता कसं कळतं?"

"हाताला कळतं," गाडीखालून आवाज आला. "तुम्हाला नाय का नाडी बघून कळत?"

"नाडी बघायला हात द्यावा लागतो समोरच्यानं..."

पलीकडं पाना खाली पडल्याचा खणकन आवाज. कचरूमामा उगाच टायरची हवा बघायला निघून गेले.

तिसऱ्या रविवारी तो शेतातनं हुरडा घेऊन आला, हंगामातला शेवटचा. गॅरेजच्या मागं शेकोटीत कणसं भाजून त्यानं तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हिरवे, गरम दाणे माझ्या ओंजळीत ओतले. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी रोज पन्नास माणसांचे हात धरते हो! पण त्या दिवशी माझीच नाडी मला मोजता आली नसती.

रोजच्या अपडाऊनला आता त्याच्या गॅरेजपुढून जाताना मी एक छोटा हॉर्न मारायचे. तो शटर अर्धवट उघडं टाकून हात वर करायचा. बस्स, एवढंच. पण सिल्लोड येईपर्यंत प्रेरणा मला छळायची, "काय गं, हॉर्न पण अपग्रेड केला का?"

चौथ्या रविवारी पाइप आणि टायर झाले. पाचव्या रविवारी आम्ही शिटांचं कापड घ्यायला शहागंजला गेलो. मला तयार कव्हर घ्यायचं होतं, तो म्हणाला, रेक्झिन उन्हात चटके देतं, जाड सुती कापड घेऊन शिवून घेऊ, निम्म्यात होतं. कापडवाल्या चाचांनी ठाणावर ठाण उलगडलं. निळं धरलं, मरून धरलं. मी म्हणाले मरून, तो म्हणाला मळखाऊ घ्या, मग आम्ही अर्धा तास भांडलो.

"नया घर सजा रे क्या, बेटा?" चाचांनी विचारलं.

"घर नहीं चाचा... गाडी," संघपाल पुटपुटला.

"एकच बात है. झगडा तो घरवालाच कर रे तुम लोगां!"

मला कुठं बघावं कळेना. मी मुकाट्यानं मळखाऊ रंगाला हो म्हणाले. आणि संघपालनं त्याच क्षणी चाचांना मरून कापायला सांगितलं.

डोळ्यांचं सांगते म्हणाले होते ना? त्या दिवशी त्या डोळ्यांत मी नीट बघितलं. मधाच्या रंगाचे आहेत. संपले मी!

आणि लगेच मंगळवारी अतुलचा फोन आला. पप्पांनी स्पीकरवर टाकला.

"पप्पा, गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी घेऊन येतो. रोख देतोय, गाडी लगेच नेणार."

"पण पासिंगची तारीख महिनाअखेरची घेणार होतो," मी ओरडले.

"मग रविवारच्या आत करून दाखव," अतुल म्हणाला. पप्पांनी नुसते खांदे उडवले. रात्रभर मोबाइलवर शोधून मी शुक्रवारची तारीख मिळवली आणि बुधवारी पहाटेच गाडी घेऊन गॅरेज गाठलं. संघपाल अजून यायचा होता. कचरूमामा होते.

"मामा, पुढचे शॉकअप, बुश, हेडलाइट, हँडब्रेक... एवढं राहिलंय. परवापर्यंत होईल का हो?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"न व्हायला काय झालं? दोन दिवसाचं तर काम आहे सगळं मिळून," मामा म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात झालं असतं. मीच म्हणलं होतं त्याला. त्यानंच..." आणि मामांनी जीभ चावली.

मी तिथंच उभी राहिले. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

"दोन दिवसांचं काम होतं?" मी विचारलं.

संघपालनं हेल्मेट काढलं. खोटं बोलायची संधी होती त्याला. "व्हय," तो म्हणाला. "ओढलं मी."

"का?"

"सहा दिवस तुम्ही इथून पुढं निघून जाता मॅडम. हॉर्न वाजवून..." त्यानं मान खाली घातली. "रविवारी थांबता."

छातीत असं काही धडधडलं की काय सांगू! पण राग त्याच्याही वर उसळला. "तिकडं माझे पप्पा गाडी विकायला निघालेत! गाडी गेली तर मला घर सोडावं लागणार, कळतंय का तुला? आणि तू... तू रविवार मोजत बसलास? मला विचारायचं होतंस ना. तोंड नव्हतं तुला?"

रागात मी त्याला तू म्हणाले. गेलं ते तोंडातून गेलंच. त्याच्याही ते लक्षात आलं, पण त्यानं सोडून दिलं.

"चावी ठेव," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी नऊला घरी गाडी आणतो. चुकलो मी, सुलेखा. पण गाडी जाणार नाय."

दोन दिवस मी एसटीनं गेले. एक दिवस उभ्यानं, एक दिवस कोंबड्यांच्या टोपलीशेजारी. दोन्ही दिवस दवाखान्यात उशीर झाला. दोन्ही दिवस गॅरेजपुढून जाताना एसटीच्या खिडकीतून बघितलं, तर गाडीखालून तेच दोन पाय बाहेर. राग टिकेना हो! किती धरून ठेवला, तरी फुलंब्रीपर्यंतच टिकायचा.

शुक्रवारी तो नऊला पाच कमी असताना दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, डोळे जागून लाल. "जय भीम, काका," त्यानं पप्पांना हात जोडले.

"जय भीम. मी पण येतो," पप्पा म्हणाले, काठी घेऊन मागं बसले आणि मरून शीट हातानं चाचपून बघितली.

पासिंगच्या मैदानावर साहेबांनी लाइट बघितले, हॉर्न ऐकला, खाली वाकून काय काय तपासलं. मग चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढायला लावला. मी पाय ब्रेकवरून काढला. गाडी तसूभरही हलली नाही. सरळ रेषेत पळवून ब्रेक मारायला लावला, तर गाडी जिथल्या तिथं थांबली. ना डावीकडं, ना उजवीकडं.

"चांगली ठेवलीय हो मॅडम," साहेब म्हणाले. "झालं. पाच वर्षं चालवा आता."

मी अशी किंचाळले की रांगेतल्या रिक्षावाल्यांनी माना वळवल्या! संघपालनं डोळे मिटून घेतले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, नुसता ठेवला.

परतताना पप्पांनी सवयीनं वरची दांडी घट्ट धरून ठेवली होती. थोड्या वेळानं म्हणाले, "सुले, चौकातला तो मोठा स्पीडब्रेकर काढला का काय?"

"नाही पप्पा. आत्ताच गेला की."

पप्पांनी दांडी सोडली. फोन काढून अतुलला लावला. "त्या माणसाला नको आणू. गाडी सुलीची आहे." फोन ठेवला, मग पुढं वाकले. "काय रे पोरा, किती दिवस लागले तुला या कामाला?"

शेजारी बसलेल्या संघपालनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"काम दोन दिवसांचं, काका," तो म्हणाला. "मी सहा आठवडे लावले."

"का?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले. "माझ्यामुळं, पप्पा."

आरशात पप्पांचा चेहरा दिसत होता, पण वाचता येत नव्हता. मग त्यांनी काठी दाराला लावली. "त्या चहाच्या टपरीपाशी थांबव. मी चहा सांगतो. तुमचं काय असेल ते बोलून घ्या."

पप्पा काठी टेकत गेले. आम्ही दोघं गाडीत. समोर काचेतून दुपारचं ऊन, रिक्षांची गर्दी, आणि आमच्यात गिअरच्या दांड्याएवढं अंतर.

"अजून चिडलीयस?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय. लई."

"मग... काय करू?"

"त्या साहेबांनी गाडीला पाच वर्षं दिली," मी म्हणाले. आता थांबायचं नव्हतं. "मला पाच नकोत, संघपाल. मला सगळीच पाहिजेत. रविवार पण, आणि मधले सहा दिवस पण. तू आवडतोस मला. कळलं? आता पुन्हा काही ओढत बसू नकोस."

त्यानं नुसता हात पुढं केला, मनगट वर करून, दवाखान्यात पेशंट करतात तसा. मी दोन बोटं ठेवली. बापरे... काय पळत होती नाडी!

"मॅडम, काय निघालं?" तो हसत होता, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम म्हणू नकोस."

"सुलेखा... मला पण सगळीच पाहिजेत."

टपरीवरून पप्पांची हाक आली. "झालं का रे बोलून? चहा गार होतोय!"

आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "नाय झालं!"