अभयपट्टी

अभयपट्टी लावलेला माणूस लांबूनही ओळखू येतो, असं ऋजुताचं ठाम मत होतं. त्याच्या चेहऱ्यावर रवंथ करणाऱ्या म्हशीचं समाधान असतं. धरणाच्या धक्क्यावर त्या सकाळी असे दोन नमुने उभे होते: तिचा नवरा सारंग आणि नणदेचा नवरा डॉ. टिळेकर. बोट टिळेकरांची. पट्टीचा शोधही त्यांचाच.

"बूच कुठाय, भावोजी?" ऋजुताने विचारलं.

"कसलं बूच, वहिनी?"

"बोटीच्या तळाला मागे भोक असतं. धुतल्यावर पाणी बाहेर जायला. ते बुजवलं नाही तर पाणी आत येतं."

टिळेकर गोड हसले. "हां, ते! असेल की तिथंच."

ते बादलीत सापडलं, साबणाच्या पाण्यात. ऋजुताने ते फिरवून फिरवून घट्ट बसवलं. मग पेट्रोल पाहिलं, नांगराच्या दोराची गाठ ओढून पाहिली, भोंगा वाजवला, प्रत्येकाच्या अंगात लाइफ-जॅकेट चढवलं. तोवर हे दोघं विद्वान ढगांचं कौतुक करत होते. सहा वर्षांची लेक शाल्मली केव्हाच बोटीत जाऊन बसली होती; आज तिचा वाढदिवस होता.

पट्टीमागचं शास्त्र साधं होतं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो; धोका दिसला की तो बोंब ठोकतो. कानामागची पट्टी अतिसूक्ष्म विद्युतलहरींनी ती बोंब बंद करते. सहलीच्या बोटी लाटांनी क्वचितच उलटतात, घाबरून एका बाजूला धावणाऱ्या माणसांमुळे उलटतात, हे टिळेकरांनी आकडेवारीनं सिद्ध केलं होतं. मग कायदाच झाला. बोटीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पट्टी लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. बारा वर्षांखालच्या मुलांना सूट, कारण त्यांचा मेंदू वाढता.

"उलटणाऱ्या बोटी निम्म्यावर आल्या, वहिनी!"

"आणि बूच विसरणाऱ्या?"

"तो विषय आमच्या अभ्यासात नव्हता."

ऋजुताला हसू आलं, पण कडवट. एवढं शिकून माणूस इतका बिनडोक कसा राहू शकतो?

"अहो, पट्टी ज्ञान पुसत नाही," टिळेकर समजावू लागले. "पाणी खोल आहे, हे तुम्हाला ठाऊक राहणारच. फक्त आतला आरडाओरडा थांबतो."

"तुम्हालाही ठाऊक होतं की. त्या आरड्याओरड्यावाचून आज एका तरी गोष्टीला हात लावलात का तुम्ही?"

"ऋजू, पुरे," सारंग म्हणाला. "नसेल यायचं तर थांब इथं. आम्ही तिघं जाऊन येतो."

"शाल्मली, उतर खाली. आपण घरी जाऊ."

"नाही!" पोरीने दोन्ही हातांनी बाक धरला. सारंग तिच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

ऋजुता धक्क्यावर उभी राहिली. पट्टी लावली नाही, तर लेक या दोन ठोंब्यांच्या हवाली. लावली, तर बोटीत तिसरा ठोंब्या. पण निदान मी जवळ असेन, तिने स्वतःला बजावलं. पोहता येतं मला. आणि ठाऊक तर सगळं राहणारच आहे.

तिने पट्टी कानामागे चिकटवली. मुंगी चावल्यासारखं झालं, आणि इंजिन सुरू झालं.

काठ दूर गेला. वारा छान होता. खाली साठ फूट पाणी आहे, हे ऋजुताला ठाऊक होतं; परक्या देशाची राजधानी ठाऊक असावी, तसं. धक्क्यावर कुणी एक बाई दोरांच्या गाठी पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. काय बाई तरी एकेक, ऋजुताच्या मनात आलं. जिवाला काही सुख म्हणून नाही.

"आई, गरम होतंय," शाल्मली म्हणाली. "जॅकेट काढू?"

"काढ की."

शाल्मलीचा हात बकलापाशी थबकला. तिने आधी बाबाकडे पाहिलं, मग टिळेकरकाकांकडे. दोघंही हसत होते. मग ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने बकल सोडलं नाही. मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"आई, तू ओरडत का नाहीयेस?"

ऋजुताला प्रश्न नीट कळला. उत्तरही ठाऊक होतं. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि पाण्यावर चमकणारं ऊन बघू लागली.