काळूच्या तोंडातलं कोकरू

त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. साडेतीन महिने ते शब्दकोशात दाबून ठेवलं होतं. राजाबाईनं उघडं कार्ड पाठवलेलं, त्यामुळे आमच्या शुक्रवार पेठेच्या पोस्टमननं, गुरुसिद्धप्पानं, ते माझ्याआधी वाचलं. मी सांभाळतो त्या वाचनालयाच्या दारात रोज थांबून तो विचारायचा, "मास्तर, बाईला उत्तर दिलं की न्हाय?"

मला त्याचा राग यायचा. त्याहून जास्त स्वतःचा.

राजाबाई पहिल्यांदा आली ती कुत्र्यामागं धावत. वैरागहून भवानी पेठेत घोंगड्या विकायला आली होती. गिरणीतला गोरा इंजिनियर विलायतेला गेला, आणि त्याच्या माळ्यानं त्याचा काळा लॅब्राडोर हिच्या हवाली केला. तळ्यात डुंबून आलेला तो कुत्रा थेट वाचनालयात शिरला, माझ्या धोतरावर त्यानं अंग झटकलं, माझी चप्पल उचलली आणि तिच्या पायाशी नेऊन ठेवली.

"लई पुस्तकं हायती तुमच्याकडं," ती चप्पल परत देत म्हणाली. "ह्यो मेंढरांमागं चालंल का, बगा की त्यात."

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मीही धनगराचाच मुलगा, मेंढरं सोडून पुस्तकांत बसलेला. वय अठ्ठावन्न, एकटा. ती विधवा, भावाकडं राहणारी. दर बाजाराला ती यायची. मी तिला अक्षरं शिकवायचो आणि इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवायचो.

"हा पाण्यातला कुत्रा. आपल्या उन्हात धापा टाकेल. खातो फार. चोर आला तरी भुंकायचा नाही, शेपटी हलवेल."

"मंजी तुमच्यासारकाच की," ती पाटीवरून नजर न काढता म्हणाली. "तुमी तरी कुटं भुंकता?"

त्या दिवशी मी 'क' गिरवायला सांगून स्वतःच तीनदा चुकलो...

मग ते कार्ड आलं. अक्षरं वाकडी, पण तिचीच. 'काळूनं कोकरू तोंडात धरलं. भाऊ म्हनतो खानार. असं कुत्रं आमी कळपात ठेवत न्हाय. पुस्तकात काय हाय ते लवकर लिवा. आनि आपला पाट लावायचा का, ते बी लिवा.'

आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात वावगं काही नाही. वावगा होतो मी. पुस्तकात लिहिलं होतं, हा कुत्रा शिकारीत मारलेलं बदक मालकाकडं आणतो, दात लागू देत नाही. पण ते बदकांचं! कोकरांचा शब्द नाही. आणखी तीन पुस्तकं पाहिली. दुसऱ्या प्रश्नावर तर कुठंच काही नव्हतं.

त्या साडेतीन महिन्यांत ती बाजारालाही फिरकली नाही. शेवटी तीच आली, कुत्र्याला घेऊन.

"कार्ड पोचलं न्हाय?"

"पोचलं... पण पुस्तकात बदकांचं आहे. कोकरांचं नाही."

"माज्या भावानं कुऱ्हाड काडली हुती, मास्तर. मी मधी हुबी ऱ्हायले. कोकरू चिखलात रुतलं हुतं, ह्यानं काडून आनलं. मी लाळ पदरानं पुसली, लोकर फाकून समद्यांला दावली. दाताची एक खूण न्हाय. तुमाला बोटं हायती ना? का ती बी पुस्तकात लागत्यात?"

"आणि ते... दुसरं..."

"तोंडानं नगं. तोंडानं तुमी 'बगून सांगतो' म्हनता. टपालानं इचारलं, टपालानं सांगा. भावाचं मन अजून साफ न्हाय, म्हनून धा दिस काळू हितं ठेवते. कार्ड आलं न्हाय तर त्याला न्यायला यीन. तुमाला बगायला न्हाय."

ती गेली. काळू माझी भाकरी खायचा, वर्तमानपत्रांवर झोपायचा, दुपारी धापा टाकायचा. पुस्तकातला प्रत्येक दोष खरा निघाला. आणि रोज सकाळी तो माझी चप्पल आणून द्यायचा.

नवव्या दिवशी रोजचे वाचक आप्पा चष्म्यावरून म्हणाले, "मास्तर, कसलं कुत्रं ठेवलंय? पोस्टमन सांगत हुता, कोकरं खानारं हाय."

"एक खूण दाखवा," मी म्हणालो. मग उठून उभा राहिलो. "दाताची एक खूण दाखवा, आप्पा, आणि मग बोला."

सगळं वाचनालय माझ्याकडं बघत होतं. तीस वर्षांत माझा आवाज तिथं चढला नव्हता. त्याच भरात कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं:

'कुत्रा ठेवावा. तोंड मऊ आहे. भावाला हे वाचून दाखवावं. पाटही लावावा. माणूस उन्हात धापा टाकतो, पण खातो कमी.'

काळूला घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो आणि तिथंच धीर सुटला. 'खातो कमी' हे शोभतं का? उद्या नीट लिहू... कार्ड कोटाच्या खिशात घातलं आणि वळलो.

चार पावलांवर ध्यानात आलं, काळू बरोबर नाही. तो पेटीखाली बसला होता, तोंडात माझं कार्ड. खिशातून कधी पडलं, की त्यानंच काढलं, कोण जाणे.

मी हात पुढं केला. त्यानं लगेच सोडलं. कोपरा ओला झाला होता. उलटून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. खूण नव्हती.

तसंच ओलं पेटीत टाकलं.