उजवीकडचं टोक

आधी ते मोबाईल पालथे ठेवा. तोंडावर निळा उजेड पाडून बसलात की तुम्हीच भुतं दिसता, मग मी गोष्ट सांगू कुणाला?

ही तुमच्या धाकट्या मावशीच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या साडूची गोष्ट. त्याने वर्कशॉपचं काम का सोडलं, हे तुम्ही त्याला कितीदा विचारलंत. त्याने दर वेळी पाठदुखीचं कारण सांगितलं. पाठ त्याची ठणठणीत आहे.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. दुसरा शनिवार, रात्री साडेनऊचा सुमार. साडू जेवून हात धूत होता, तेवढ्यात मालकाचा फोन आला. "एकच पत्रा वाकवायचा राहिलाय. सकाळी गाडी येणार आहे. मदतीला माणूस पाठवतो." साडूने शर्ट चढवला आणि निघाला. एका पत्र्याचं काम ते काय.

त्याचं मशीन पत्रे वाकवायचं. खाटेपेक्षा लांब असं लोखंडी धूड. खाली खाच, वर पाचर. मधे पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की पाचर खाली येते आणि पत्रा कागदासारखा दुमडतो. पण दुमडताना त्याचा पुढचा भाग झपकन वर उसळतो, तुमच्या तोंडाकडे. म्हणून मोठ्या पत्र्याला दोन माणसं लागतात, दोन टोकांना एकेक. डावीकडचा पेडल मारतो. त्याने आधी विचारायचं, "मारू?" उजवीकडच्याने "हो" म्हणायचं. मगच पाय दाबायचा.

साडूच्या उजवीकडे कित्येक वर्षं एकच माणूस असायचा. इतका उंच आणि सडसडीत, की सगळे त्याला बांबू म्हणत. त्याची बायकोसुद्धा रागावली की बांबूच म्हणायची. साडूची आणि त्याची गट्टी अशी, की एकाला शिंक आली तर दुसऱ्याने नाक पुसावं.

हा बांबू त्याआधीच्या पावसाळ्यात गेला. त्याच मशीनवर. पत्रा मागच्या अडणीला, म्हणजे तो अडवायच्या पट्टीला, टेकलाय की नाही, हे बघायला तो वाकला होता. पत्रा उसळला आणि त्याच्या गळ्यावर बसला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

चौकशी झाली. साडूने सांगितलं, "मी विचारलं. तो हो म्हणाला. आणि मग मधेच वाकला." झालं, चूक बांबूची ठरली. मेलेला माणूस थोडाच उलट बोलणार?

पुढे साडू बांबूच्या घरी जात राहिला. नळ दुरुस्त कर, सिलिंडर चढवून दे. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमचाच आधार आहे." हा मान खाली घालायचा. एकदा त्यांनी चहा देता देता विचारलं, "भाऊजी, ते खरंच इतके बेफिकीर होते का हो?"

साडू म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. झालं ते झालं."

त्या दिवसापासून तुमची मावशी सांगायची, हा रात्री झोपेत उजवा पाय झाडतो.

तर त्या रात्री साडूने शटर उघडलं, दिवे लावले, मशीन सुरू केलं. मदतीचा माणूस काही येईना. मालक फोन उचलेना. अर्धा तास गेला. साडूने ठरवलं, चला, एकट्यानेच उरकू. मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी धरू. वजन जमेल तेवढं जमेल.

त्याने हातमोजे घातले. चाकांच्या गाड्यावरून पत्रा मशीनमधे सरकवला. पाय पेडलवर नेला आणि दुसऱ्या पायाने गाडा मागे ढकलला.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण मधोमध उभेच नाही. सवयीने डावीकडे उभे राहिलोय.

म्हणजे पत्र्याचं उजवं टोक खाली लोंबायला हवं होतं.

लोंबलं नाही.

पत्रा सरळ होता. पाण्यासारखा सरळ.

साडूने तिकडे पाहिलं. अंधार वगैरे काही नव्हता. डोक्यावर ट्यूबलाईट लख्ख जळत होती. उजवीकडे फरशी होती. भिंत होती. कुणी नव्हतं.

मग पत्रा हलला. उजवीकडून. हलकेच आत सरकला... आणि मागच्या अडणीला टेकला. टक्.

साडूने हात सोडावेत, तर सुटेनात. पाय पेडलवर. तो उचलावा, तर उचलेना.

आणि सवय बघा. त्याच्या तोंडून निघून गेलं...

"मारू?"



मशीनची घरघर. बाकी काही नाही.

"मारू?"

पत्रा आता थरथरत होता. साडूच्या हातात नव्हे. पलीकडच्या टोकाला. त्याला ते बोटांत कळत होतं...

किती वेळ गेला कोण जाणे. साडू रडायला लागला. म्हणाला, "तू हो म्हणाला नव्हतास."

थरथर थांबली.

"तू थांब म्हणालास. मी ऐकलं. मला घरी जायची घाई होती रे... मी ऐकलं, आणि तरी पाय दाबला."



मग उजवीकडून... अगदी जवळून... नेहमीच्या आवाजात...

"हो."

साडूने पेडल दाबलं नाही. कसाबसा पाय उचलला आणि लाल बटणावर हात मारला. मशीन बंद पडलं. आणि पत्र्याचं ते उजवं टोक खाली गेलं. सावकाश. ते पडलं नाही, पोरांनो. कुणीतरी ते खाली ठेवलं.

उजाडल्यावर साडू थेट वहिनींच्या दारात. त्या मुलीची वेणी घालत होत्या. याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. वहिनींचे हात थांबले.

"थांब म्हणाले होते?"

"हो."

त्यांनी मुलीचा चेहरा आपल्याकडे वळवला. "ऐकलंस? तुझे बाबा थांब म्हणाले होते." मग उठल्या आणि दार लावून घेतलं. ते दार त्याच्यासाठी आजतागायत उघडलेलं नाही. मालकालाही त्याने लेखी दिलं. नोकरी गेली, पुढे जे भोगायचं ते भोगतोय.

आठवडाभराने तो आपली हत्यारं आणायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. तो पत्रा तसाच भिंतीला टेकवलेला. त्या रात्रीनंतर कुणी वापरला नव्हता. कोरं लोखंड, चकचकीत. कोऱ्या लोखंडाला घामट हात लागला, की चार दिवसांत तिथे गंज धरतो.

मी पत्रा उलटा करून पाहिला. खालच्या अंगाला, उजव्या टोकाशी, दोन पंजे उमटले होते. तांबूस, दाट गंजाचे. लांब लांब बोटं. एकेक रेष मोजून घ्यावी.

साडूच्या हातात त्या रात्री मोजे होते.

तो हळूच म्हणाला, "किती घाम फुटला होता हो त्याला."