तोंडात चुका होत्या

मला लिहिता येत नाही असं नाही, पण कुणी लिहायला लावू नये. चौथीत शाळेने मला सोडलं, मी शाळेला सोडलं, दोघंही सुखी झालो. आता लेक म्हणते, "बाबा, रोज तेच तेच उगाळता, एकदाचं लिहून टाका." म्हणजे तिचे कान सुटतील. बरं. लिहितो. पण वाचणाऱ्याने मधे मधे 'असं कसं होईल' म्हणायचं नाही. ते म्हणणारा एक आहे आमच्या घरात, तेवढा पुरे.

माझा धंदा सोफे-खुर्च्या मढवायचा. जुनं कापड फाडायचं, काथ्या बदलायचा, नवं कापड ताणून चुका ठोकायच्या. चुका म्हणजे बारीक खिळे. एक हात कापडाला, दुसऱ्यात हातोडी, मग चुका ठेवायच्या कुठे? तोंडात. ओठांमागे मूठभर धरायच्या नि जिभेने एकेक पुढे सारायची. त्या वेळी बोलता येत नाही. बोललात तर गिळलीत. हे नीट ध्यानात ठेवा. जावयाने ठेवलं नाही.

त्या दुपारी मी पुढच्या खोलीत एका आरामखुर्चीची पाठ मढवत होतो. टेबलाशी आमची ही, लेक आणि जावई. बेत चालला होता डोंगरातली गुहा बघायला जायचा. आत दिवे लावलेत, कठडे बसवलेत, छतातून दगड लोंबतात म्हणे, झुंबरासारखे. हिला ते बघायचं होतं. गुडघे पुरते जायच्या आत एकदा, असं कधीची घोकत होती. मी आधीच सांगून मोकळा झालो होतो की मी येणार नाही. दगड बघायला इतक्या लांब कशाला जायचं, जावयाच्या डोक्यात हवे तेवढे आहेत.

जावयाने गुहेच्या तिकीटखिडकीवर फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला. "आमच्या सासूबाईंना पायऱ्या जमतील का?" पलीकडचा माणूस गप्पिष्ट निघाला. "जमतील की! सावकाश उतरवू. मी आत्ता गुहेच्या तोंडाशीच उभा आहे. गंमत ऐकायची? मारा हाक. आमची गुहा कुणाची हाक ठेवून घेत नाही, परत करते."

लेक ओरडली, "आहे का कोणीऽऽ?" फोनमधून आलं, "का कोणीऽऽ… कोणीऽऽ…" सगळे खिदळले. जावयाने आरोळी ठोकली, तीही परत आली. मग लेक हिला म्हणाली, "आई, तू मार की."

ही लाजली. जन्मभर जी एकच हाक मारली तीच तिच्या तोंडी आली.

"अहो…"

फोन गप्प. आत कुठे तरी पाणी ठिबकत होतं. टप्… टप्… 'अहो' काही परत आलं नाही. मग कुणी तरी घसा खाकरला. मी खाकरतो तसा, दोनदा, दुसऱ्यांदा खोल. आणि…

"ओऽऽ."

माझा आवाज.

तिघंही माझ्याकडे वळली. जावई म्हणाला, "काय बाबा, गंमत घालवलीत! तिकडून यायच्या आधी तुम्ही कशाला ओ दिलीत?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं. ओठांत चुका! त्याला वाटलं मी गप्प बस म्हणतोय. हिने पुन्हा हळूच हाक मारली, "अहो… ऐकलंत का?"

"ऐकतोय. किती वेळ लावतेस… ये की गं, बुटके."

आता हे सांगायला लागतंय याचाच मला राग आहे. लग्न नवं होतं तेव्हा मी हिला बुटके म्हणायचो. दार लावून. लेक झाली आणि ते नाव बंद झालं. कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. हिचे कान लालबुंद झाले. कितीतरी वर्षांनी तिने माझ्याकडे तसं बघितलं, आणि मी तोंडात लोखंड धरून उभा! तळहातावर चुका थुंकल्या आणि ओरडलो, "मी नाही बोललो! ह्या बघा! ह्या असताना बोलेन कसा?"

फोन कधीच बंद झाला होता.

"बाबा, असं कसं होईल?" जावई हसत म्हणाला. "यायचं मनात आहे तर सरळ सांगा. चूक कबूल करायला लाजायचं काय?"

"अरे, चूक तोंडात होती म्हणून तर सांगतोय!"

यावर तो आणखी हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मग मी हिला अडवलं. मन वळवायचं सोडून दरडावलं, हे खरं. पण माझा गळाच तसा आहे. "जायचं नाही. ते तुला बोलावतंय, कळत नाही का?" ही शांतपणे साडीची घडी करत राहिली. म्हणाली, "तिकडून ये म्हणता, इकडून जाऊ नको म्हणता. त्यातले तुम्ही कोण ते ठरवा आधी."

रागाने मी घरीच बसलो. रविवारी ती गेली.

संध्याकाळी परत आली. दारातच दिसलं, चेहरा असा फुललेला की मी ओशाळलो. म्हणाली, "आलात ना शेवटी! मला ठाऊक होतं."

"मी? मी इथे खुर्ची सोडून हललो नाही."

लेकीचा चेहरा उतरलेला होता. ती बाजूला घेऊन सांगू लागली. गुहेत सगळ्यांना उभं करून घटकाभर दिवे घालवतात, खरा अंधार कसा असतो ते दाखवायला. "अंधारात आई हसत होती, बाबा. कुणाशी तरी कुजबुजत होती. मी हात धरायला गेले तर… दोन्ही हात कुणीतरी धरलेले होते."

"मग जावई काय म्हणाला?"

"म्हणाले, बाबा मागून आले असतील."

मी हिची मूठ उघडली. उघडू देत नव्हती. आत एक चूक. ओली. कोमट. नुकती कुणाच्या ओठांतून काढल्यासारखी.

तेव्हापासून, काम असो नसो, मी घरात चुका तोंडात धरूनच बसतो. पुरावा म्हणून. ही स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो…" मी ओ देत नाही, देऊच शकत नाही. माझ्या पाठीमागे, त्या आरामखुर्चीच्या मढवलेल्या पाठीच्या आतून घसा खाकरल्याचा आवाज येतो. दोनदा. दुसऱ्यांदा खोल. आणि ही आतून हसून म्हणते, "आले हं."

काल जावई इथेच बसला होता. त्यानेही ऐकलं. माझ्या गच्च मिटलेल्या ओठांकडे बघितलं, पांढराफटक पडला, चपला पायात सरकवल्या आणि चालता झाला. पळून जाता येतं, पण दोन शब्द बोलून जाता येत नाही. माफी अजून बाकी आहे, जावईबापू.